पाण्याची बाटली कुठाय?
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझ्या कपाटात बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात तेवीस शिपाई आहेत. सगळे प्लॅस्टिकचे, बोटाएवढे. काहींची बंदूक तुटलेली, एकाला पाय नाही, तिघांच्या डोक्यावर कापडाच्या चिंध्यांची पगडी. पन्नास वर्षांत घरं बदलली, भांडीकुंडी बदलली, पण हा डबा टिकून राहिला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण इतिहासाला प्रश्न कसा विचारायचा, हे मला शिकवलं ते या डब्यातल्या शिपायांनी. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते १९७१च्या डिसेंबरात. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं पालम गंगाखेड–लोहा रस्त्यावरचं. तेव्हा ते एक मोठं खेडंच होतं. बांगलादेशची लढाई सुरू होती. गावात रेडिओ मोजके. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी माणसं एखाद्याच्या ओट्यावर दाटीनं बसायची. आम्हा पोरांना त्यातलं काही कळत नसे, पण 'जवान' हा शब्द कळे. त्या वर्षी लढाई संपायला आणि माळेगावची यात्रा भरायला एकच गाठ पडली. खंडोबाच्या माळेगावची यात्रा म्हणजे आमच्या भागातली दिवाळीहून मोठी गोष्ट. घोडे, उंट, गाढवं, बैल, तमाशे आणि खेळण्यांची पालं. वडील बैल बघायला गेले होते. बैल काही घेतला नाही, पण मला मेणकापडाच्या पिशवीत बांधलेले डझनभर हिरवे शिपाई घेऊन दिले. परतीच्या बैलगाडीत मी ती पिशवी छातीशी धरून झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहिलं आणि जरा चक्रावलो. डोक्यावर खोल टोप, अंगात जाड कोट, पायात गुडघ्याखालपर्यंत बांधलेले बूट. असला माणूस मी कधी पाहिला नव्हता. आमच्या गल्लीत सुट्टीवर येणारे जवान असे दिसत नसत. मग हे शिपाई कुणाचे? हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळायला मला बरीच वर्षं लागली.

कथील, शिसं आणि प्लॅस्टिक

लहानशा सैनिकांची हौस माणसाला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये आस्यूत इथं मेसेहती नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या. एका तुकडीत चाळीस भालाईत, दुसरीत चाळीस तिरंदाज, चार-चारच्या रांगेत चालणारे. आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली काशाचा बैलांचा रथ मिळाला. त्यावर एक माणूस उभा आहे. तो रथ पोराच्या खेळण्यासाठी नव्हता, तसेच ते लाकडी सैनिकही खेळण्यासाठी नव्हते. पण मोठ्या जगाची हातात मावेल अशी प्रतिकृती करावी, ही माणसाची ओढ दोन्हींकडे सारखीच दिसते.

खेळण्यातला सैनिक म्हणून जो आपण ओळखतो, तो जन्मला अठराव्या शतकात, जर्मनीत. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. हान्स अँडरसनची १८३८ची ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. एका जुन्या कथलाच्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले आणि शेवटच्याला कथील पुरलं नाही म्हणून त्याला एकच पाय राहिला. ही कल्पना अँडरसनला सुचली, कारण असे शिपाई तेव्हा युरोपातल्या घरोघरी होते.

पुढं १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी एक युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर गोठला की मधलं पातळ शिसं पुन्हा बाहेर काढून घ्यायचं. शिपाई आतून पोकळ. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली. जर्मनीचा भरीव शिपाई मागं पडला. ब्रिटन कंपनीनं साम्राज्यातल्या सगळ्या पलटणी काढल्या. त्यांत बॉम्बे लान्सर्सचे भालाईत घोडेस्वारही होते, पागोट्यांचे. म्हणजे आपल्या मुलखातला स्वार लंडनच्या पोराच्या गादीवर घोडा उडवत होता आणि त्याच्या गावाकडच्या पोराला तो स्वप्नातही दिसला नव्हता.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी याच शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. खरी लढाई किती मूर्खपणाची असते, हे कळायला ही जमिनीवरची लुटुपुटूची लढाई पुरे, असा त्यांचा एकंदर सूर. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

प्लॅस्टिकचा शिपाई आला १९३८ साली, अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं राज्य झालं. शिसं विषारी आणि महाग, प्लॅस्टिक हलकं आणि स्वस्त. ब्रिटन कंपनीनंही १९६६ साली शिशाचे सैनिक ओतणं थांबवलं. १९५९ पासून एअरफिक्स या इंग्रज कंपनीनं तर जेमतेम इंचभर उंचीचे शिपाई काढले. एका खोक्यात चाळीस-पन्नास. पोराच्या खाऊच्या पैशात अख्खी पलटण.

हाँगकाँगच्या कारखान्यांनी मग या सगळ्यांच्या नकला केल्या. बाजारातला शिपाई आणायचा, त्याच्यावरूनच साचा काढायचा. त्या नकलेवरून दुसऱ्यानं साचा काढायचा. माझ्या पिशवीतले बाराजण याच गोतावळ्यातले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायाची, कोण जाणे कितवी, नक्कल. युरोपातल्या थंडीचा जाड कोट घालून ते माळेगावच्या माळावर येऊन उतरले होते.

किल्ला नाही, बैल आहे

पुण्या-साताऱ्याकडच्या श्रोत्यांना वाटेल, शिपाई म्हटलं की मावळे, आणि मावळे म्हटलं की दिवाळीचा किल्ला. तिकडं ती मोठी परंपरा आहे. दगड-माती, पोत्याची तटबंदी, वर हळीव पेरून हिरवळ, सिंहासनावर महाराज, दारात भालदार-चोपदार, उतारावर मावळे, पायथ्याला गवळण आणि विहीर. पुण्यात कसब्याच्या कुंभारवाड्यातले आणि पुढं मुंढवा-केशवनगरला गेलेले कुंभार ही चित्रं करत आले. मातीची जागा कितीतरी ठिकाणी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं घेतली, पण चाल टिकली.

आमच्या लहानपणी पालमला मात्र ती फारशी नव्हती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथले सण, इथली खेळणी थोडी वेगळी. आमच्याकडं मातीची मूर्ती म्हणजे पोळ्याचा बैल. लेंडी नदीची चिकण माती आणायची, बैलजोडी करायची, शिंगांना काडी लावायची. त्यामुळं मला माती कळत होती. बैलाचं वशिंड करता येत होतं, घोड्याची मान करता येत होती. पण शिपाई करायला गेलो की हात-पाय मोडायचे. म्हणून ते प्लॅस्टिकचे बाराजण हातात आले, तेव्हा मला एक गोष्ट सुचली. परके असले तरी शरीर तर तयार आहे. कपडे बदलले तर?

चिमणी, दाभण आणि ब्लेड

जगात या हौसेला मोठा मान आहे, हे मला पुढं कळलं. एका शिपायाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्याचा हात जोडून नवाच शिपाई घडवणारी मंडळी इंग्लंड-अमेरिकेत होती. त्यासाठी मासिकं निघत. पण मला ते काही ठाऊक नव्हतं. माझं सामान म्हणजे दाढीचं जुनं ब्लेड, रॉकेलची चिमणी, दाभण, मेणबत्ती, शिंप्याकडच्या चिंध्या आणि केरसुणीचे हीर.

पहिल्यांदा टोप छाटला. तो मऊ प्लॅस्टिकवर लोण्यासारखा कापला गेला, आणि त्याबरोबर कपाळही गेलं. दुसऱ्याच्या वेळी शहाणा झालो. टोप तसाच ठेवून त्याच्यावर ओल्या चिंधीचे वेढे दिले. पगडी झाली. बंदूक कापून मुठीत तापलेल्या दाभणानं भोक पाडलं आणि हीर खोचला. भाला झाला. टाचणीची तलवार, शर्टाच्या बटणाची ढाल.

अडचण होती ती चिकटवायची आणि रंगवायची. बाभळीचा डिंक वाळला की खपलीसारखा सुटे. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशनही धरेना. दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट लावला, तो आठ दिवसांत पापुद्र्यानं निघाला. मला वाटायचं, माझ्याच हाताला यश नाही. खरं कारण वेगळं होतं. प्लॅस्टिक म्हणजे एक पदार्थ नव्हे. घट्ट, ठिसूळ पॉलिस्टायरीन असतं, ते द्रावणानं विरघळून एकमेकांत सांधतं. हे शिपाई असतात मऊ पॉलिथिनचे. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणासारखा. त्याला ना गोंद धरत, ना रंग. त्यावर इलाज तीनच. साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढायचा. जोड चिकटवण्याऐवजी तापवलेली टाचणी दोन्ही तुकड्यांत घालून खिळवायचा. आणि रंगाआधी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे त्या कातडीवर रंग बसतो. टाचणीची युक्ती मला तेव्हाच सापडली होती. गोंदाची फार उशिरा.

असे सहाजण मी मावळे केले आणि उरलेल्या सहांना विटकरीच्या भुकटीनं लाल केलं. ते शत्रू. शत्रू कोण, हे ठरलेलं नव्हतं. पुस्तकात ज्याचा धडा चालू असेल तो.

फौजीकाकांचा प्रश्न

पुढचं वर्ष १९७२. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही या सालाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस आला नाही. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. घरात परदेशी लाल मिलोची भाकरी. १९७३च्या उन्हाळ्यात लेंडीचं पात्र पांढरं पडलं होतं. बाया वाळूत झिरा उकरून बसत, वाटी-वाटीनं घागर भरायला अर्धा दिवस जाई. आम्ही पोरं तिथंच त्यांच्या आसपास खेळायचो.

एके दिवशी मी वाळूचा किल्ला करून माझी फौज मांडली होती. शेजारचे एक काका तिथं घागर घेऊन आले. सैन्यातून पेन्शनवर आलेले. पासष्टच्या लढाईत पंजाबच्या आघाडीवर होते, एवढंच गावाला ठाऊक. ते स्वतः काही बोलत नसत. आम्ही त्यांना फौजीकाका म्हणायचो. झिऱ्यावर नंबर यायला वेळ होता, म्हणून माझ्याजवळ उकिडवे बसले. एक शिपाई उचलला, उलटासुलटा केला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले,

"पोरा, ह्याची पाण्याची बाटली कुठाय?"

मला काही सुचेना. मी म्हणालो, "तलवार आहे की, काका."

"तलवार असू दे. पाण्याबिगर ह्यो चालंल किती? दोन कोस? अन् भाकर कुठं बांधलीय ह्यानं?"

मग शिपाई माझ्या हातात ठेवून म्हणाले, "लढाई दोन घटकेची असती. बाकीचे दिवस समदे पाणी अन् भाकरीचे." एवढं बोलून ते घागर भरायला गेले. लढाईबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

मी घरी येऊन न रंगवलेला एक शिपाई निरखून पाहिला. त्याच्या कमरेला, मागच्या बाजूला, एक पुसट उंचवटा होता. तो मला साच्यातला दोष वाटला होता. मूळ शिपायाला तिथं पाण्याची बाटली होती. नकलेची नक्कल होताना साचा बोथट होत जातो, आणि थंड होताना प्लॅस्टिक आकसतं म्हणून दर पिढीला मूर्ती किंचित लहानही होते. आधी बटणं जातात, मग चेहरा, मग पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली. बंदूक मात्र शेवटपर्यंत राहते, कारण ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात पुढं असते.

वर्गात इतिहास शिकवताना मला हा उंचवटा नेहमी आठवायचा. आपल्या कथांचंही असंच होतं. बखरीवरून पोवाडा, पोवाड्यावरून नाटक, नाटकावरून सिनेमा, सिनेमावरून भाषण. दर नकलेत तलवार तेवढीच लखलखीत राहते आणि पाण्याची बाटली पुसट होत जाते.

खर्ड्याच्या माळावर

त्या प्रश्नानं मला पुढं एम.ए.ला असताना, तेव्हाच्या औरंगाबादला, ग्रंथालयात बसवलं. मराठी शिपाई खरोखर कसा दिसत होता? सरदारांची चित्रं मिळतात. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस त्यानं रंगवले. पण शिपायाला कोण समोर बसवणार? तो दिसतो तो कडेकडेनं. थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्यात दीन अली नावाच्या देशी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेली चित्रं आहेत. त्या पत्रांत लढाई कमी आणि बाजार, महागाई, थकलेला पगार आणि त्या पगारासाठी धरणं धरून बसलेले शिपाई जास्त. मला फौजीकाका आठवले.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरक आपण परीक्षेसाठी पाठ करतो. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदाराचं स्वतःचं. पण शिलेदाराच्या बाजूनं विचार केला की त्याचा अर्थ उघडतो. लढाईत घोडा मेला, तर याची अख्खी मिळकत गेली. असा माणूस घोडा जपूनच लढणार.

मग मी खर्ड्याच्या लढाईकडं वळलो, कारण ती मराठवाड्याच्या अगदी दारातली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडजवळ. तारीख ११ मार्च १७९५. एका बाजूला पेशव्यांची, शिंदे-होळकर-भोसल्यांची एकत्र फौज, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. दुसऱ्या बाजूला निजाम अली खान. दोन्हींकडे कवायती पलटणी आणि दोन्हींकडे फ्रेंच अधिकारी. निजामाकडे रेमों, शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ. मराठ्यांची ही शेवटची मोठी एकजूट म्हणून तिचं नाव घेतात.

प्रत्यक्ष लढाई थोडकीच झाली. माणसं त्या मानानं कमी पडली. रात्री निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि मराठ्यांनी वेढा घातला. मार्च महिना. एवढ्या फौजेला पुरेल इतकं पाणी तिथं कुठलं? दाणा-वैरण तुटली, पाणी तुटलं, आणि निजामाला तह करावा लागला. दौलताबादसह मोठा मुलूख, तीन कोटींची खंडणी आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली. हे सगळं वाचताना मला लेंडीतला तो झिरा दिसत होता. खर्ड्याचा निकाल लावण्यात तोफेइतकाच, कदाचित तोफेहून अधिक, वाटा पाण्याचा होता.

याहून मोठा धक्का पुढं होता. आमचा पालमचा, परभणी-नांदेडचा मुलूख तेव्हा कुणाकडं? निजामाकडं. म्हणजे आमच्या भागातला कुणी भाकर बांधून त्या लढाईला गेला असेल, तर तो बहुधा निजामाच्या फौजेतून गेला असेल. तो मराठी बोलत असेल, खंडोबाला नवस बोलून निघाला असेल. खर्ड्याचा किल्लासुद्धा निजामाच्या चाकरीतल्या निंबाळकर या मराठा घराण्याचा. पुस्तकातल्या धड्याप्रमाणं मी ज्या सहांना विटकरीनं लाल केलं होतं, त्यांच्यात माझा खापरपणजोबा असण्याचा संभव पलीकडच्या सहांपेक्षा अधिक होता.

हे कळल्यावर मी डबा काढला आणि लाल शिपाई धुऊन टाकले. पश्चात्ताप म्हणून नव्हे. कुठल्या बाजूचा हे रंगावरून ठरवणं मला त्यानंतर जमेनासं झालं. वर्गातही मी तेव्हापासून 'आपले' आणि 'शत्रूचे' हे शब्द जपून वापरू लागलो. काही पालकांना ते आवडलं नाही. एकानं घरी येऊन विचारलं, "गुरुजी, तुम्ही नेमके कुणाकडचे?" मी म्हणालो, "पालमचा." त्यांचं समाधान झालं नाही. पण माझ्याकडं दुसरं खरं उत्तर नव्हतं.

यांच्यात बाई का नाही?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत नात आली होती. आठ वर्षांची. तिच्या शहरातल्या सोसायटीत किल्ला करतात, म्हणून तिला आमच्या अंगणातही करायचा होता. मी डबा काढून दिला. तिनं तेवीसजण ओळीत मांडले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आबा, यांच्यात बाई का नाही?"

पन्नास वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होतो. फौजीकाकांच्या वेळी मी 'तलवार आहे की' म्हणालो होतो, तसंच काहीसं. मग थांबलो. कारण उत्तर खर्ड्यातच होतं.

निजाम अली खानाच्या पदरी 'जफर पलटण' म्हणून स्त्रियांची फौज होती. इंग्रज लेखकांनी तिच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. प्रत्येकी सुमारे हजार जणींच्या दोन पलटणी. अंगात शिपायांसारखे लाल कोट, हातात बंदुका, बाकायदा कवायत. मुख्य काम जनानखान्याच्या पहाऱ्याचं. खर्ड्याच्या स्वारीत त्या निजामाबरोबर होत्या. आणि गंमत पाहा. त्या रात्री निजामानं मैदान का सोडलं, याचं कारण म्हणून जी कथा सांगतात ती अशी, की जनानखान्यातल्या बायका घाबरल्या म्हणून. घाबरलेल्या बायकांची कथा सगळ्या पुस्तकांनी ठेवली. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या बायका साच्यातून गळाल्या.

नातीसारखाच प्रश्न २०१९ साली अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीला पडला होता. तुमच्या हिरव्या शिपायांत मुली का नाहीत, असं पत्र तिनं खेळणी बनवणाऱ्यांना पाठवलं. बीएमसी टॉइज या कंपनीनं ते मनावर घेतलं आणि स्त्री सैनिकांचा संच काढला. आणि आपल्याकडं ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीनं संचलन करून बाहेर पडली. खेळण्याचा साचा खऱ्या सैन्याच्या मागं असतो. कधी सव्वादोनशे वर्षं मागं असतो.

आम्ही दोघांनी मग जुन्या सवयीनं चिमणी पेटवली. आता चिमणी म्हणजे मेणबत्तीच, पण दाभण तेच. एका शिपायाचा टोप तासून केसांचा अंबाडा केला. हल्ली दोन भाग मळून एक करायची पुट्टी मिळते, ती दगडासारखी घट्ट होते. तिच्यानं लाल कोटाचा घोळ केला. पांढऱ्या गोंदाचा हात दिला, वाळल्यावर रंग लावला. या वेळी पापुद्रा सुटला नाही. नातीनं विचारलं, "आता झालं?" मी म्हणालो, "नाही. अजून एक राहिलंय." पुट्टीचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा घेतला, कमरेला चिकटवला आणि दोऱ्याचा पट्टा अडकवला.

"हे काय?"

"पाण्याची बाटली. खर्ड्याला पाणी नव्हतं."

अंगणातल्या त्या किल्ल्यावर तिनं शिपाई मांडले. कुठला कुणाकडचा, हे विचारलं नाही. तिनं सगळ्यांना विहिरीच्या बाजूला बसवलं. मी म्हणालो, "अगं, तटावर कुणी नको का?" ती म्हणाली, "आधी पाणी पिऊ दे त्यांना."

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ले. मोठा आनंदाचा दिवस. या किल्ल्यांवर आता जास्त लोक जातील. जाणाऱ्यांनी दरवाजे, बुरूज, तोफा जरूर पाहाव्यात. पण वर चढल्यावर एकदा टाकी पाहावीत. खडकात खोदलेली, पावसाचं पाणी वर्षभर धरून ठेवणारी. किल्ला कुठं बांधायचा हे आधी पाण्यावरून ठरत असे, मग बुरुजावरून. फौजीकाकांनी ती टाकी पाहिली असती, तर म्हणाले असते, बरोबर आहे.

फौजीकाका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी हातात घेतलेला तो शिपाई डब्यात अजून आहे. चिंधीची पगडी, टाचणीची तलवार. त्याला मी मुद्दामच पाण्याची बाटली लावलेली नाही. डबा उघडला की तो मला रोज तोच प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न विचारला जावा असं मला वाटतं.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. उतरवा आणि मुलांना द्या. त्यांनी काही विचारलं, तर घाईनं उत्तर मात्र देऊ नका.